पत आणि पतन

रायपूरचा सदर बाजार म्हणजे सोन्याचांदीच्या पेढ्यांचा जुना, चिंचोळा रस्ता. दिवसा येथे पाऊल ठेवण्यास जागा मिळत नाही. पहाटे मात्र पेढ्यांची दारे बंद असतात आणि रस्ता आपल्या खऱ्या रुंदीला येतो. त्याच वेळी जुन्या वस्तीतील हौशी सायकलस्वार एकेकटे, दोघेदोघे बाहेर पडतात, ठरल्या ठिकाणी एकत्र येतात आणि नवा रायपूरच्या मोकळ्या रस्त्यांवर त्यांचा जथा वेग धरतो. या जथ्याचा आणि बाजाराचा वरवर पाहता काहीही संबंध नाही. तथापि ज्या एका तत्त्वावर बाजार पिढ्यान्‌पिढ्या उभा राहिला, त्याच तत्त्वावर जथाही धावतो. त्या तत्त्वाला रायपूरच्या हिंदीत ‘साख’ म्हणतात. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून या प्रदेशात राहत आलेल्या मराठी घरांत त्यालाच ‘पत’ म्हणतात.

पत म्हणजे नुसता विश्वास नव्हे. विश्वास मनात असतो. पत व्यवहारात चालते. एका गावच्या सराफाने लिहिलेली हुंडी दुसऱ्या गावच्या पेढीवर पटत असे, ती कागदाच्या किमतीमुळे नव्हे. लिहिणाऱ्याने आजवर आपला शब्द कसा पाळला, याची आठवण त्या कागदामागे उभी असे. हुंडीचे प्रकारही अनेक होते. दर्शनी हुंडी दाखवताच पटवावी लागे, मुदती हुंडी ठरल्या दिवशी. जोखमी हुंडीचे पैसे जहाजावरचा माल सुखरूप पोचला तरच देणे असत. माल बुडाला, तर तोटा कोणी सोसायचा हे आधीच ठरलेले असे. म्हणजे संकटाचाही हिशेब पेढीने मांडून ठेवलेला होता. प्रश्न असा की, जेथे पत आहे, जोखीमही आहे, परंतु जोखमीचा हिशेब कोणीच मांडलेला नाही, तेथे माणूस माणसाचे काय देणे लागतो? हौशी सायकलस्वारांच्या शर्यती, त्यांतील अपघात आणि त्यानंतरचे बरे होणे यांचा नैतिक अर्थ या प्रश्नात साठवलेला आहे.

सायकलस्वार जथ्याने का जातात, याचे उत्तर प्रथम हवेकडे मागावे लागते. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो आणि त्यावर मात करण्यास लागणारी शक्ती आठपट. सपाट रस्त्यावर ताशी 40 किलोमीटर वेगाने एकट्याने जाणाऱ्याची बहुतेक शक्ती हवा कापण्यातच खर्च होते. दुसऱ्याच्या पाठीशी, त्याच्या मागच्या चाकाला आपले पुढचे चाक जवळजवळ भिडवून चालणाऱ्यास मात्र आडोसा मिळतो. बर्ट ब्लोकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2018 साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात 121 सायकलस्वारांच्या दाट जथ्याचा अभ्यास केला. तेव्हा मध्यभागाच्या मागील बाजूस असलेल्या स्वारास एकट्याच्या तुलनेत अवघा पाच ते दहा टक्के वाऱ्याचा विरोध सोसावा लागतो, असे आढळले. रविवारच्या पंधरावीस जणांच्या फेरीत आडोसा इतका गाढ नसतो. परंतु जो एकट्याने तासाभरात थकला असता, तो जथ्यात तीन तास टिकतो, इतका तो निश्चित असतो.

हा आडोसा फुकट मिळत नाही. पुढे राहणाऱ्याने वारा अंगावर घ्यायचा, थकला की बाजूला सरून मागे जायचे आणि दुसऱ्याने पुढे यायचे, असा पाळीचा नियम असतो. कोणी तो लिहिलेला नसतो, पण चुकवणारा सर्वांच्या लक्षात राहतो. दुसराही एक नियम असतो. पुढच्याने रस्त्यावरचा खड्डा, खडी, उभे वाहन हाताच्या खुणेने मागच्यास दाखवायचे, कारण मागच्याला पुढच्याच्या पाठीपलीकडे फारसे काही दिसत नाही. ताशी 40 किलोमीटर म्हणजे सेकंदाला अकरा मीटर. धोका डोळ्यांना दिसून बोटे ब्रेकवर आवळेपर्यंत सायकल निदान दोनतीन मीटर पुढे गेलेली असते. आणि दोन चाकांतील अंतर तर वीतभर, फार तर हातभर. याचा अर्थ असा की, मागचा स्वार स्वतःच्या डोळ्यांनी चालत नाही, पुढच्याच्या डोळ्यांनी चालतो. आपली दृष्टी दुसऱ्याकडे गहाण ठेवणे, हाच येथील व्यवहार होय. जथ्यातील प्रत्येक जण त्यामुळे एकाच वेळी ऋणको असतो आणि धनकोही.

पडण्याची रीत पाहिली म्हणजे या व्यवहारातील विषमता ध्यानात येते. पुढच्याने अकारण ब्रेक लावला किंवा तो किंचित बाजूला झुकला, तर मागच्याचे पुढचे चाक त्याच्या मागच्या चाकाला घासते. पुढच्याला हलका धक्का जाणवतो, आणि बहुधा तो तसाच पुढे जातो. मागच्याची दिशाच हातातून जाते आणि तो कोसळतो. त्याच्यावर तिसरा, तिसऱ्यावर चौथा. जो चुकला तो उभा आणि जो पडला तो निर्दोष, असे येथे वारंवार घडते. ‘करावे तसे भरावे’ या हिशेबावर ज्या समाजाची नीतिकल्पना पोसली गेली, त्याला हे दृश्य अस्वस्थ करणारे आहे. येथे करतो एक आणि भरतो दुसरा; आणि कित्येकदा करणाऱ्याला आपण काही केले याचा पत्ताही नसतो.

बाजारालाही असे पतन ठाऊक आहे. एका पेढीचे दिवाळे निघाले की तिच्या हुंड्या बाळगणाऱ्या चार पेढ्या अडचणीत येतात, त्यांचा व्यवहार चोख असला तरी. परंतु बाजाराजवळ जोखमी हुंडी होती, व्याजाचा दर होता, पंच होते. हौशी शर्यतीत यांपैकी काही नसते. नाव नोंदवताना प्रत्येक जण एका कागदावर सही करतो की, आपण स्वतःच्या जबाबदारीवर भाग घेत आहोत. या सहीने स्पर्धकाचे आणि आयोजकाचे नाते काही प्रमाणात ठरते. परंतु स्पर्धकाचे आणि त्याच्या पुढच्या चाकाचे नाते त्या कागदावर कोठेही नसते. धोका आपण पत्करला, हे खरे; म्हणून दुसऱ्याने निष्काळजी व्हावे, अशी मुभा त्यातून कोणाला मिळत नाही. जोखीम स्वीकारणे वेगळे आणि जबाबदारी माफ करणे वेगळे.

अपघातानंतर जथ्यात जे बोलणे सुरू होते, ते या दृष्टीने विचार करण्याजोगे आहे. पडलेल्याला दवाखान्यात पोचवून होताच बाकीचे कारण शोधू लागतात. त्याचे लक्ष नव्हते. त्याचा टायर झिजला होता. रात्रीची झोप झाली नव्हती तर त्याने यायलाच नको होते. त्याला अजून जथ्यात चालता येत नाही. यांतील एखादे कारण खरेही असेल. परंतु ही कारणे ज्या घाईने सापडतात, ती घाई सत्याच्या शोधाची नसते. पडलेल्यात दोष सापडला की उभ्या असलेल्यांना हायसे वाटते. त्याच्या पडण्याला त्याचाच दोष कारण असेल, तर ज्याच्यात तो दोष नाही, तो सुरक्षित ठरतो.

भारतीय वाङ्मयात या मनोव्यापाराचे सर्वांत प्राचीन आणि सर्वांत कठोर चित्र महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात आहे. पाच पांडव आणि द्रौपदी एकामागे एक, एका रांगेत हिमालयाकडे निघतात. त्यांच्याबरोबर एक कुत्रा असतो. प्रथम द्रौपदी पडते, मग सहदेव, नकुल, अर्जुन. प्रत्येक वेळी भीम विचारतो, हा का पडला? प्रत्येक वेळी युधिष्ठिर मागे न पाहता पडलेल्याचा एकेक दोष सांगतो. हिचा अर्जुनाकडे पक्षपात होता, ह्याला बुद्धीचा गर्व होता, त्याला रूपाचा, चौथ्याला पराक्रमाचा. शेवटी भीम स्वतः पडतो आणि त्यालाही त्याचा दोष ऐकवला जातो. परंपरेने या प्रसंगाकडे कर्मफलाचा निवाडा म्हणून पाहिले. परंतु दुसऱ्या बाजूने वाचल्यास हा चालत राहणाऱ्याच्या गरजेचाही लेख ठरतो. ज्याला थांबायचे नाही, त्याला पडलेल्याचा दोष ठाऊक असावा लागतो. इरावती कर्वे यांना ही उणीव जाणवली असावी. ‘युगान्त’मधील द्रौपदीवरील लेखाच्या अखेरीस त्यांनी महाभारतात नसलेला प्रसंग आपल्या कल्पनेने जोडला. त्यात भीम पडलेल्या द्रौपदीजवळ थांबतो. मूळ कथेत कारण विचारणारा भीम त्यांच्या लेखणीत जवळ बसणारा होतो. या बदलात नीतीची एक पायरी ओलांडली गेली आहे.

आणि व्यासांनीही युधिष्ठिराला तेवढ्यावर सोडले नाही. स्वर्गाच्या दाराशी तो अडून बसतो तो कुत्र्यासाठी. आश्रयाला आलेल्याचा त्याग करणार नाही, असे तो इंद्राला निक्षून सांगतो. जो सहा जणांच्या रांगेत एकदाही मागे वळला नाही, त्याची परीक्षा अखेर सोबत चालणाऱ्याला टाकण्या-न टाकण्यावरच घेतली जाते. रांगेतला शेवटचा कोण, हा प्रश्न महाभारतालाही टाळता आला नाही.

ज्याच्यामुळे दुसरा पडला त्याच्या मनाचे काय, हा प्रश्न पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाने विसाव्या शतकात नेमकेपणाने मांडला. बर्नार्ड विल्यम्स आणि टॉमस नेगेल या दोघांनी 1976 साली ‘नैतिक दैव’ या कल्पनेची चर्चा केली. दोन माणसे सारखीच चूक करतात. एकाच्या चुकीतून काही निष्पन्न होत नाही, दुसऱ्याच्या चुकीतून एखाद्याचा जीव जातो. चूक तीच असता आपण दुसऱ्याला अधिक दोषी मानतो, ते का? विल्यम्सने उदाहरण घेतले ते मालमोटारीच्या चालकाचे. त्याचा काहीही दोष नसता एक मूल त्याच्या गाडीखाली येते. पाहणाऱ्याला जे दुःख होते त्याहून चालकाचे दुःख वेगळ्या जातीचे असते. आपल्या हातून हे घडले, या जाणिवेचे ते दुःख. त्याला ‘कर्त्याची खंत’ म्हणता येईल. लोक चालकाची समजूत घालतात, आणि तसे करणे योग्यच असते. पण तो फार लवकर सावरला, तर त्याच लोकांना ते खटकते.

जथ्यात ही खंत वाटून घेतली जाते, पण एकसारखी नाही. पुढे असलेल्याने खड्ड्याची खूण केली नाही, असे दर रविवारी दहा वेळा घडते आणि नऊ वेळा काही होत नाही. दहाव्या वेळी मागच्याचे हाड मोडते. नऊ वेळांचे दुर्लक्ष आणि दहाव्या वेळचे दुर्लक्ष यांत कृती म्हणून काहीच अंतर नाही. येथे गीतेतील कर्मफलाच्या अलिप्ततेचा आधार घेऊन कोणी म्हणेल की फळ आपल्या हाती नाही, तेव्हा खंत कशाला? परंतु ही पळवाट आहे. फळावरची आसक्ती सोडण्याचा उपदेश कर्मात अधिक दक्ष राहण्यासाठी आहे. झालेल्या हानीकडे पाठ फिरवण्यासाठी नव्हे. उलट, ज्या नऊ वेळा काही घडले नाही त्या वेळांचीही खंत वाटू लागणे, हीच दहाव्या अपघाताने दिलेली शिकवण म्हणावी लागेल.

आता थांबण्याचा प्रश्न. शर्यत म्हणजे पुढे जाणे. प्रत्येक पतनासाठी सारे थांबले तर शर्यतच उरणार नाही. शिवाय भरवेगातल्या जथ्यात एकाएकी ब्रेक लावणारा दयाळू माणूस आणखी चौघांना पाडतो. म्हणून ‘थांबावे’ हा सरसकट आदेश येथे चालत नाही. तरीही या खेळाच्या रीतिरिवाजात थांबण्याला मान आहे. 2022 च्या टूर द फ्रान्समध्ये पिरेनीज पर्वतातील एका उतारावर तादेय पोगाचार पडला. त्याचा प्रतिस्पर्धी आणि शर्यतीतील अग्रणी योनास व्हिंगेगार याने वेग कमी केला, तो येईपर्यंत वाट पाहिली आणि दोघांनी हात मिळवले. त्याच दिवशी पुढच्या चढावर व्हिंगेगारने त्याला मागे टाकून टप्पा जिंकला. वाट पाहणे आणि हरवणे यांत विरोध नाही, हे त्या दिवसाने दाखवले. प्रतिस्पर्ध्याच्या पडण्यावर मिळालेला जय आणि त्याच्या चालण्यावर मिळवलेला जय यांची किंमत एक नसते.

व्यावसायिकाला निदान उपजीविकेचे कारण सांगता येते. हौशी माणसाजवळ तेही नसते. मुंबई–पुणे शर्यतीची आठवण जुन्या पुणेकरांच्या मनात आजही आहे. बोरघाटाचा चढ सर्वांत आधी चढून जाणाऱ्याला त्या शर्यतीत ‘घाटाचा राजा’ म्हणत. हा किताब घेऊन राजा दुसऱ्या दिवशी आपल्या नोकरीवर किंवा दुकानात हजर होई. हौशी शर्यतीतले यश असे चार दिवसांचे, आणि मोडलेले हाड चार महिन्यांचे. ही तुलनाच हौशी स्पर्धकाच्या कर्तव्याची दिशा ठरवते. ज्याचे फार काही बुडत नाही, त्याच्यावर थांबण्याची जबाबदारी अधिक. साऱ्यांनी थांबू नये. पण जो सर्वांत जवळ आहे, ज्याने पडताना पाहिले आहे आणि ज्याला सुरक्षितपणे बाजूला होता येते, त्याने थांबलेच पाहिजे. रस्त्यावरच्या जखमीला मदत करणारा पोलिसांच्या आणि कोर्टाच्या भीतीने मागे हटतो, हे ओळखून सर्वोच्च न्यायालयाने 2016 साली अशा मदतकर्त्यांच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक तत्त्वांना कायद्याचे बळ दिले, आणि 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातही तशी तरतूद आली. अनोळखी वाटसरूकडून जी अपेक्षा आहे, ती पाठीशी चालणाऱ्या सोबत्याकडून कमी कशी असेल?

याच्या उलट टोकाला काही लांब पल्ल्याच्या शर्यती आहेत. अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत, सुमारे 4,800 किलोमीटर अंतराच्या ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’मध्ये दुसऱ्याच्या आडोशाने चालण्यास मनाई असते. नाशिकचे डॉक्टर बंधू हितेंद्र आणि महेंद्र महाजन यांनी 2015 मध्ये ती दोघांच्या संघाने पुरी केली, नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी 2017 मध्ये एकट्याने. परंतु तेथेही मागून येणारी गाडी, अन्न देणारे हात, रात्री जागे राहणारे साथीदार असतातच. वाऱ्याचा आडोसा काढून घेता येतो. माणसांचा आडोसा काढून घेतला तर शर्यत अशक्य होते. एकटेपणाच्या खेळालाही पत लागते, ती केवळ वेगळ्या खात्यावर जमा असते.

पडल्यानंतरचा काळ हा या व्यवहाराचा खरा कसोटीचा काळ. सायकलवरून पडणारा हात पुढे टेकवतो किंवा खांद्यावर आदळतो आणि बहुधा हासळीचे हाड मोडते. हासळी हे गळ्यातील दागिन्याचेही नाव आहे. सराफाच्या पेढीवर आणि अस्थिरोगतज्ज्ञाच्या मेजावर एकच शब्द चालावा, हा भाषेचा योगायोग. मोडलेल्या जागी प्रथम रक्त गोठते, मग मऊ सांधा धरतो, मग तो कठीण होतो. हाड सांधण्यास काही आठवडे लागतात आणि त्याला पूर्ववत आकार येण्यास महिने. हाडाला दोष कोणाचा हे ठाऊक नसते. ते निवाड्याची वाट न पाहता सांधत जाते.

मन तसे सांधत नाही. बरा झालेला स्वार पुन्हा जथ्यात येतो तेव्हा पुढच्या चाकापासून दोन सायकलींचे अंतर ठेवतो. बाहेरून पाहणाऱ्याला तो थकलेला वाटतो. वस्तुतः त्याने आपली दृष्टी परत घेतलेली असते. आता तो स्वतःच्या डोळ्यांनीच चालू पाहतो. आणि म्हणूनच अधिक वारा अंगावर घेऊन लवकर दमतो. या अंतराला भित्रेपणा म्हणणे अन्यायाचे आहे. ते एका बुडालेल्या खात्याचे अंतर आहे. ज्याच्यामुळे तो पडला, त्याने क्षमा मागावी तर त्याचा अपराध सिद्ध नाही. याने क्षमा करावी तर कशाची? अपराध आणि क्षमा ही दोन्ही मापे येथे अपुरी पडतात.

मराठीत मात्र या दोहोंच्या मधली एक साधी रीत आहे. कोणी आजारी पडले, कोणाला अपघात झाला, की लोक ‘समाचाराला’ जातात. समाचाराला जाणारा कबुली देत नाही आणि निवाडाही करीत नाही. तो येतो, कॉटजवळच्या खुर्चीवर बसतो, कसे आहे विचारतो, चहा घेतो आणि पुन्हा येईन म्हणून उठतो. ज्याच्या चाकाला लागून दुसरा पडला त्याने समाचाराला जावे, एकदा नव्हे, पुन्हापुन्हा. आणि पडलेल्याने त्याला दार उघडावे. दोष ठरत नसला तरी नाते ठरते. त्यानंतर रस्त्यावरही तीच रीत चालू ठेवता येते. बरा झालेला मागे पडला की कोणीतरी वेग कमी करून त्याच्या पुढे यावे, प्रत्येक खड्डा हाताने दाखवावा, एकदाही अचानक ब्रेक लावू नये, आणि ‘जवळ ये’ असे म्हणू नये. पत मागून मिळत नाही. ती दुसऱ्याने आपल्या मर्जीने, हळूहळू ठेवायची असते, आणि ठेवणाऱ्याला घाई करण्याचा हक्क कोणालाही नाही.

‘पत’ आणि ‘पतन’ या शब्दांतील साम्य केवळ ध्वनीचे आहे. अर्थाने मात्र एक दुसऱ्यावाचून समजत नाही. जेथे कोणी कोणावर विसंबत नाही, तेथे एकामुळे दुसरा पडतही नाही. आणि जेथे पडण्याची शक्यताच नाही, तेथे विसंबण्याला किंमत नसते. दिवाळे निघालेली पेढी पुन्हा उभी राहते ती एखाद्या मोठ्या रकमेने नव्हे. जुना एखादा ग्राहक आपली लहानशी ठेव घेऊन पुन्हा तिची पायरी चढतो, तेव्हा ती उभी राहू लागते. नवा रायपूरच्या रस्त्यावर दोन सायकलींचे अंतर दीड सायकलीचे होते, मग एका सायकलीचे, मग हातभर. ते कोणी मोजत नाही. पुढचा फक्त हात खाली करून खड्डा दाखवतो, आणि मागचा त्या हातावर विश्वासून वळतो.